थावरीचा दगड

३ जानेवारी, उज्जैन
इंदूर सोडून आले एकदाची. टावर चौकाजवळ आत्याकडे मुक्काम, सकाळी पोहे-जलेबी, आणि देवास गेटकडच्या खासगी इस्पितळात प्रसूतिकक्षाची सिस्टर म्हणून नोकरी. डॉक्टर आल्हाद आपल्यातलेच, मराठी, पूजाअर्चा करणारे. इस्पितळ चकाचक आहे. पोर्चमध्ये मात्र भिल्ल बाया पोट सांभाळत फरशीवर बसलेल्या. झाबुआकडून सिंहस्थाच्या रस्त्यांच्या कामावर आलेल्या. चौकीदार म्हणाला, पहले डिपॉझिट, फिर बेड, यहाँ यही चलता है. मला ते पटलं नाही आणि मी त्याला तसं ऐकवलंही.

७ जानेवारी
पोर्चमधल्या त्या बायांपैकी थावरी गेली. मी आत एका बाळंतपणात अडकलेली आणि ती दुपारभर पोर्चमध्ये कळा सोसत होती. मजुरी ठेकेदाराकडे अडकलेली, आयुष्मान कार्ड गावी. नवरा उसने पैसे घेऊन येईपर्यंत ती आणि मूल, दोघंही संपली. मी डॉक्टरांशी कडाकडा भांडले. ते शांतपणे म्हणाले, ही धर्मशाळा नाही. अजून डोकं तापलेलं आहे.

११ जानेवारी
ती गेली तिथेच तिच्या माणसांनी शेंदूर लावून दगड रोवला. अकाली गेलेल्याचा गातला म्हणतात. जीव गेला त्या जागेवरून तो हलवायचा नसतो. हे मला थावरीच्या जावेने, रेलमने सांगितलं. तिचेही दिवस भरत आलेत आणि तिच्याकडेही पैसे नाहीत.
शेंदराचा दगड कचऱ्यात टाकायला डॉक्टरांचं मन होईना, म्हणून तो क्षिप्रेत सोडायला लावला. दगडाला तीर्थ मिळालं. बाईला खाट मिळाली नव्हती.

१२ जानेवारी
दगड परत आलाय. ओला आहे. पोर्चमध्ये नाही, आत काउंटरसमोर. चौकीदार शपथा घेतोय की त्याने स्वतःच्या हाताने नदीत सोडला होता. डॉक्टरांनी पुन्हा पाठवला.

१४ जानेवारी
दगड आज प्रसूतिकक्षाच्या दाराशी. फरशीवर ओली, अनवाणी पावलं. आत जाणारी, परतीची नाहीत. चौकीदार नोकरी सोडून पळाला. मलाही भीती वाटते, चांगलीच वाटते. पण थावरीचं चुकलं काय? तिला आतच यायचं होतं.

१५ जानेवारी
दगड प्रसूतीच्या टेबलावर — चौघांनाही हलेना. भर दुपारी आतून कण्हणं. डॉक्टर म्हणाले, कक्ष बंद ठेवा. मी आत गेले — कुणी नाही. दगड गरम —

१६ जानेवारी
रेलमला कळा. पोर्चमध्ये. नवा चौकीदार आडवा आला, ढकललं त्याला. तिला आत घेतलं. टेबल रिकामं — दगड कुठे, बघायला वेळ नाही. डॉक्टर दार ठोकतायत. पोलीस, नोकरी, लायसन्स — ओरडू देत. हे लिहून ठेवते, उद्या खोटं बोलतील —

कडी तुटली. पाठीने दार दाबून लिहितेय. शेजारी आणखी कुणीतरी पाठ टेकलीय. ओली — थंड — माझे दात वाजतायत. तरी सरकून जागा दिली.

रेलम ओरडतेय. डोकं दिसतंय. थावरी, दार तू धर, मी —