न संपणारी पहिली आवृत्ती

अण्णा, तुमचं पुस्तक विकलं जात होतं. हे तुम्हाला आधी सांगून टाकते, कारण तुम्ही गेलात ते पुस्तक पडून आहे असं समजून, आणि हा खोटेपणा ज्याने तुमच्या गळी उतरवला त्या माणसाला तुम्ही शेवटपर्यंत 'सज्जन गृहस्थ' म्हणत होतात.

सज्जन! आठवतोय मला तो तुमचा प्रकाशक. वर्षातून एकदा पुण्याहून वापीला उतरायचा आणि रिक्षा करून सिल्वासाला आपल्या क्वार्टरवर हजर. लेखकाला भेटायला आलो म्हणायचा, पण परत जाताना त्याची बॅग खळखळ वाजायची; इथली दारू स्वस्त, हे त्याला तुमच्या पुस्तकापेक्षा जास्त पाठ होतं. आई बिचारी बोंबलाचं कालवण करते, तो बोटं चाटून खातो, आणि हात धुतल्यावर खिशातून घडी घातलेला हिशेबाचा कागद काढून तुमच्यासमोर ठेवतो. विक्री यथातथा. शिल्लक भरपूर. करारात लिहिलेलं की पहिली आवृत्ती संपली की रॉयल्टी. आणि तुम्ही काय म्हणता? "तुमचं गोदाम अडवून ठेवलंय हो मी." तो मान हलवतो, जणू मोठ्या मनाने माफ करतोय. मी दारात उभी राहून ऐकतेय आणि मला तुमचीच लाज वाटतेय. आपल्याकडे लेखक प्रकाशकाची माफी मागतो, ही रीत कुणी घातली कोण जाणे!

वर तुम्ही बोनसच्या पैशातून स्वतःचंच पुस्तक विकत घ्यायचात. शाळेत बक्षीस म्हणून वाटायला, मुंजीला, लग्नाला. आहेर म्हणून विज्ञानाचे घरगुती प्रयोग! मावशी तर तोंडावर हसली होती. शिवाय त्यात मेणबत्तीच्या प्रयोगाची दोन पानं उलटसुलट छापलेली. आधी पेला पालथा घाला आणि मग आतली मेणबत्ती पेटवा, असा चमत्कार झाला होता. तुम्ही रविवारी गठ्ठा घेऊन बसायचात आणि प्रत्येक प्रतीत पेनाने लिहायचात, 'आधी उजवे पान वाचावे.' पानं नीट करा म्हणून तुम्ही त्याला विनवलंत, तेव्हा तो म्हणाला होता, दुसऱ्या आवृत्तीत करू, आधी ही संपू दे. ती संपेना, आणि दुसऱ्या पुस्तकाचं तुमचं लिखाण तुम्ही बंद केलंत. आईने कारण विचारलं तर म्हणालात, कुणी वाचत नाही तर कशाला भल्या माणसाला खड्ड्यात घालायचं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातले पेले शाबूत राहायला लागले आणि घर मुकं झालं.

आता ऐका. सायली गावातल्या खोक्यांच्या कंपनीत मी क्वालिटी बघते. आमचा लाइन सुपरवायझर शहाद्याकडचा, बायकोपोरांसह नरोलीला भाड्याच्या खोलीत राहतो. परवा जेवणाच्या सुट्टीत सांगत होता की त्याच्या पोरीने ताटलीत पाणी घेतलं, मधे मेणबत्ती पेटवली, वर पेला पालथा घातला आणि पाणी आपोआप आत चढलं. "मॅडम, पूरी चाळ बघायला जमली ना! पुस्तकात बघून केलं तिने." माझा घास तोंडातच राहिला. कुठलं पुस्तक विचारलं, तर तुमचं. टाउन हॉलच्या पुस्तक प्रदर्शनात घेतलेलं.

संध्याकाळी सामरवरणीला घरी न जाता थेट प्रदर्शन गाठलं. स्टॉलवर ढीग होता, अण्णा. विक्रेता म्हणाला, "हे कायम चालतं ताई. शाळा गठ्ठ्याने नेतात." मी उघडून बघितलं. मेणबत्तीची पानं सरळ, जागच्या जागी. मागच्या कव्हरवर मोबाइल नंबर आणि पैसे भरायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कोड. आणि आत, तुमच्या नावाच्या मागच्या पानावर, तुमच्या वेळचंच साल घालून छापलेलं: पहिली आवृत्ती. द्रौपदीची थाळीसुद्धा कधीतरी रिकामी व्हायची हो, या लोकांची आवृत्ती मात्र संपत नाही. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणे. यांनी तर तुमच्या जिवंतपणीच सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. आता त्याचा मुलगा गादीवर आहे. बापाची जीभ तशीच उचललीय, नुसती साय. म्हणाला, तुमचे वडील म्हणजे आमच्या घरचेच, पण आमच्या सिस्टिममध्ये पहिल्या आवृत्तीची शिल्लक अजून दिसते. पानं कुणी सरळ केली विचारलं, तर म्हणे बाइंडिंगमध्ये होतं कधीकधी. बाइंडिंगमध्ये चुका होतात हे मला माहीत होतं, दुरुस्त्याही होतात हे नवीनच कळलं. मग मानाच्या प्रती पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, "पैसे तुमच्या घशात घाला. मला एका कागदावर एवढंच लिहून द्या, की हे पुस्तक लोकांनी विकत घेतलं."

तो अगदी मायेने म्हणाला, "तसं लिहून नाही देता येत ताई. ऑडिटला अडचण होते."

म्हणजे बघा. पैसे बुडवले ते एक वेळ मी विसरेन, आपण काही त्यावाचून उपाशी नव्हतो. पण तुम्हाला वाचलं जातंय हेही त्यांनी चोरलं, आणि तेच परत द्यायला त्यांची छाती होत नाही. असल्या मानभावी, हलकट माणसांना आईने कालवण वाढलं याचा मला आजही संताप येतो. वकिलाला भेटणार आहे. काही निघेल असं वाटत नाही, पण त्यांना तारखेला उभं करीन.

हे कागद मी कुठे पाठवणार? ठेवीन कपाटात. फक्त एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. हा सगळा राग मला नंतर आला, बाहेर स्कूटीपाशी. स्टॉलवर मी मूर्खासारखी हसत उभी होते. ढिगातली एक प्रत विकत घेतली, विक्रेता देत असलेली सूटही घेतली नाही, पूर्ण किंमत मोजली, आणि त्या लोकांना मनापासून थँक्यू म्हणून आले.