पेटी काचेत ठेवायची नाही

मी, हिरा पोपट ओव्हाळ, वय एकाहत्तर, व्यवसाय रंगभूषा, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. राग आलेला आहे, पण रागाने मृत्युपत्र बाद होत नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

१. राहता फ्लॅट आणि दागिने माझ्या पश्चात मुलगी आम्रपाली हिचे. भांडायला दुसरे कोणी नाही, हे तिचे नशीब.

२. माझी मेकअपची पेटी. हे कलम नीट वाचावे. सिनेमावाल्यांची आमची पडदा कामगार युनियन उभी राहिली तेव्हा पहिल्या संपात मंडपातली पिठले-भाकरी मी केली आणि घोषणाही मीच दिल्या. संप जिंकल्यावर युनियनने कार्डे वाटली; कार्ड नाही त्याला सेटवर काम नाही. रंगभूषेचे कार्ड फक्त पुरुषांना, बाईने केस विंचरावेत, असा नियम केला. पुढे कितीतरी वर्षे चेहरे मी रंगवले आणि कार्डवाला रामदास मेकअप रूमच्या दाराशी पेपर वाचत बसला. पडद्यावर नाव त्याचे. एकदा युनियनचीच माणसे तपासणीला आली. माझ्या हातात ब्रश दिसला म्हणून पेटी उचलून नेली. सोडवायला गेले तर कमिटीपुढे माफी मागायला लावली. माझ्याच युनियनने! ते आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो.

कोर्टाने कान पिळला तेव्हा नियम गेला. आता रामदास अध्यक्ष आहेत. परवा हार घेऊन घरी आले. म्हणाले, "हिराताई, आपण युनियनची आई. सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनात आपली पेटी काचेत ठेवू."

मी म्हटले, "अहो, मागच्या वेळी न विचारता नेलीत. आज विचारताय, प्रगती आहे."

पेटी त्यांना मिळणार नाही. ती माझ्या हाताखाली शिकलेल्या सुमय्या शेख हिला द्यावी. तिने ती रोज सेटवर न्यावी आणि सर्वांदेखत उघडावी. ब्रश झिजले तर नवे घ्यावेत, जपून ठेवू नयेत.

३. बुद्धवंदना झाली की पुरे. युनियनचा झेंडा माझ्या अंगावर घालू नये. शोकसभेत रामदास यांनी बोलू नये. बोललेच तर आम्रपालीने माईक बंद करावा.

सही: हिरा पोपट ओव्हाळ
पुणे, १२ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. ॲड. पद्मजा गोखले (सही)
२. तौफिक बागवान, लाइटमन, युनियन सभासद (सही)
कार्ड नं. २३१८

ता.क. सही करण्याआधी तौफिक म्हणाला, "मावशी, हे त्यांनी वाचलं तर माझं कार्ड काढून घेतील." मी पेन परत मागितले. त्याने दिले नाही. सही केली आणि खाली स्वतःचा कार्ड नंबरही लिहिला.