रकाना नसलेला तांदूळ

भटवाडी, घाटकोपर
१२ सप्टेंबर १९८७

तीर्थस्वरूप भिकाजीदादास,

धाकट्या शेवंतीचा वाकून नमस्कार. (वाकायला खोलीत जागा नाही, मनातच वाकले.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची कंबर? गोठ्यावरची कौलं बदललीस की पाऊस अजून गुरांच्या अंगावरच पडतो? इकडे आम्ही बरे. संपात गिरणी गेल्यापासून हे औषध कंपनीत पॅकिंगला लागले ते तिथेच टिकून आहेत. सासूबाईही ठीक आहेत, पण त्यांच्यामुळे या आठवड्यात काय झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण त्यात तुझाही हात आहे.

तर गेल्या सोमवारी चाळीत मीरा मॅडम आल्या. खांद्याला झोळी, हातात फॉर्मांचा गठ्ठा, बरोबर तांदूळ मोजायचा काटा. गरीब देशांतली माणसं किती भात खातात याचा कुठल्याशा संस्थेतर्फे अभ्यास चाललाय म्हणे, आणि त्या गरीब देशांत आमची खोली नंबर नऊ निघाली. सात दिवस रोज सकाळी येणार, शिजवायच्या आधी तांदूळ वजन करणार, अहवाल दिल्लीला जाणार आणि तिथे धोरण ठरणार. धोरण ठरेल तेव्हा ठरेल, त्याआधी शेजारच्या वनमालाने नळावर बातमी सोडली की ज्याच्या घरात गावचा तांदूळ सापडेल त्याचं रेशनकार्ड रद्द. (ही तीच वनमाला, जिने मागे केरोसीन बंद होणार म्हणून सांगितलं आणि आम्ही कळश्यासुद्धा भरून ठेवल्या.) यंदा सगळीकडे दुष्काळाच्या बातम्या, त्यात कार्ड गेलं तर साखर, गव्हाचं काय? माझी तर वाट लागली.

कारण तू मे महिन्यात एसटीच्या टपावरून पाठवलेलं उकड्या तांदळाचं पोतं अर्धंअधिक शिल्लक होतं. एवढं पोतं दहा बाय बाराच्या खोलीत लपवायचं कुठे? ह्यांनी डोकं चालवलं. पोतं भिंतीला आडवं टाकलं, वर गोधडी, त्यावर मुंबईला साजेशी फुलाफुलांची चादर, एक तक्क्या. झकास बैठक झाली. मॅडम आल्या आणि दुसरीकडे बसायलाच काही नसल्याने थेट त्यावरच बसल्या. वर, बैठक छान आहे हो, म्हणाल्या. मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि त्यांनी तो निमूट प्यायला.

सात दिवस रेशनचा तांदूळ खायचा असं ठरलं. दादा, तो तांदूळ तू बघितला नाहीस ते बरं. निवडायला बसले की खडे एकीकडे आणि तांदूळ एकीकडे असे दोन ढीग होतात, आणि नेमका कुठला ढीग शिजवायचा याचा विचार करावा लागतो. हे गप्प खायचे. सासूबाईंना मात्र सकाळी उकड्या तांदळाची पेज लागते हे तुला माहीत आहेच. पहिल्या दिवशी त्यांनी पेजेचा वास घेतला आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही नुसता चहा. मॅडमच्या फॉर्मावर आमच्या घराची भूक रोज कमी होत चालली. चौथ्या दिवशी त्यांनी काळजीने विचारलं, आजी, तुम्ही जेवत का नाही? तब्येत बरी नाही का?

मी मागून डोळे वटारले. हे खोकले. पण तीन दिवसांची उपाशी म्हातारी ती!

"तू बसलंस त्येच्यावरसून उठ गो," सासूबाई म्हणाल्या, "मगे सांगतंय."

खोलीत अशी सामसूम झाली की वनमालाचा भिंतीला लावलेला कान ऐकू आला असता. मॅडम उठल्या, चादर उचलली, गोधडी उचलली. मी रेशनकार्ड छातीशी धरून उभी. आणि ती बया हसायला लागली! पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणाली, तिची आजी कुडाळची. गावच्या तांदळावर बसलेय हे काय वासाने कळत नाही? कार्डाला काही होत नाही, असंही तिनेच सांगितलं. तिची अडचण वेगळीच. फॉर्मावर रकाने दोनच, रेशनचा तांदूळ आणि बाजारचा तांदूळ. "भावाने पाठवलेला तांदूळ कुठे लिहू, ताई?" म्हणाली. दिल्लीला भाऊ ठाऊकच नाहीत. शेवटी 'इतर' मध्ये लिहिला. त्याच रकान्यात वनमालाकडे उंदरांनी खाल्लेला तांदूळ लिहिलाय, तेव्हा फार फुशारू नकोस.

त्या दिवशी मॅडम आमच्याकडेच जेवल्या. सासूबाईंनी चार दिवसांची पेज एका बैठकीत वसूल केली, आणि आमच्या घराचा आकडा असा काही चढला की गरीब देशांची चिंताच मिटावी.

वहिनीला नमस्कार, मुलांना पापा.

तुझी
शेवंती

ता. क. मीरा मॅडम दिवाळीत आमच्याबरोबर गावी येणार आहेत, कापणी बघायला. खालच्या खाचरातला भात आमचा दादा स्वतः लावतो असं मी त्यांना दहादा सांगितलंय.

ता. क. २. काल गावाहून आलेल्या भाऊरावांकडून कळलं की तू ते खाचर काजूवाल्या पार्टीला विकायचं ठरवलंस. भात परवडत नाही म्हणतोस, खरं असेल. मजुरी मी भरत नाही, मला बोलणं सोपं. तरी रागावले आहे.

ता. क. ३. सातबाऱ्यावर बाबांच्या मागे माझंही नाव आहे, म्हणून तू भाऊरावांबरोबर संमतीचा कागद पाठवलास, तो मिळाला. सही करणारच होते रे, पण घरात कुठे पेनच सापडत नाहीये.