माझ्या बेसची विल्हेवाट

मी, आम्रपाली दशरथ नगराळे, वय त्रेचाळीस, व्यवसाय नोकरी, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असा माणूस मला अजून भेटायचा आहे, आणि आता वेळ थोडा आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप दुसऱ्यांदा बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात फिफ्टी-फिफ्टी, म्हणजे त्यांनाही माहीत नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे. शुद्धीवर नसते तर खाली श्री. रोहन सबनीस यांच्याबद्दल चार शब्द चांगले लिहिले असते.

वर देवाचं नाव घालायची पद्धत आहे, असं वकिलांनी सुचवलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव घराबाहेर ठेवले. वकिलांना बरं वाटावं म्हणून मी ते आत आणणार नाही.

या मृत्युपत्राप्रमाणे सगळी व्यवस्था माझी धाकटी बहीण शैला हिनं पाहावी. ती आत्ता शेजारी बसून मोसंबी सोलते आहे आणि म्हणते आहे, "ताई, मृत्युपत्र लिहितेस की भांडण?" दोन्ही लिहिते आहे. एकाच कागदात होतंय तर दोन कशाला वाया घालवा.

कलम एक. विश्रांतवाडीचा फ्लॅट शैलाला. बँकेत जे असेल ते तिच्या मुलीला, पायलला, शिक्षणासाठी. काय शिकायचं ते पायलनं ठरवावं. शैलानं सुचवू नये, सुचवल्यासारखा चेहराही करू नये.

कलम दोन. हिंजवडीच्या ज्या कंपनीत मी सोळा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या, तिनं मला काचेची सन्मानचिन्हं दिली आहेत. ती भंगारवाल्याला द्यावीत. तो काच घेत नाही, मला माहीत आहे. तरी विचारावं.

कलम तीन. माझ्या मागे त्रिसरण-पंचशील म्हणावं आणि सगळ्यांनी घरी जावं. भाषणं नकोत. रोहन आलाच तर त्याला बसायला खुर्ची द्यावी, माइक देऊ नये. त्याला माइक दिला की तो ‘एनर्जी’ हा शब्द वापरतो.

आता रोहन कोण ते सांगणं भाग आहे. हा शनिवार पेठेतला मुलगा माझ्याच कंपनीत होता. दोन हजार एक साली गोव्याला जाऊन आला आणि सायट्रान्स नावाचं संगीत घेऊन आला. माझ्याकडे कॉम्प्युटर चांगला होता, म्हणून माझ्याकडे आला. आम्ही दोघं मिळून ट्रॅक करायला लागलो. जोडीला नाव त्यानं ठेवलं, ‘निऑन ऋषी’. त्या दिवशी मी तापानं घरी होते, नाहीतर असं काही झालं नसतं. दोन हजार पाच साली त्यानं नोकरी सोडली, कारण तो कलावंत होता. मी सोडली नाही, कारण स्पीकरला वीज लागते.

त्याच्या घरी मी एकदाच गेले. त्याच्या आईनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे नागपूरकडचे का?" असं म्हणून त्या आत गेल्या त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. रोहन म्हणाला, "आईचे गुडघे दुखतात." मी गुडघ्यांना शुभेच्छा दिल्या.

पुढे हा स्टेजवर उभा राहायला लागला आणि मी कसब्यातल्या माझ्या खोलीत काम करत बसायला लागले. पोस्टरवर त्याचा फोटो. कोणी विचारलं तर म्हणायचा, "अॅमी आमची टेक्निकल बाजू बघते." माझं नाव अॅमी नाही. रेडिओवर एकदा सांगत होता, "बेस हा माझा आत्मा आहे." बेस, म्हणजे संगीताच्या तळाशी चालणारी ती जाड धुमधुम, मी केला होता. त्याचा आत्मा मला कधी सापडला नाही, नाहीतर तोही दुरुस्त करून दिला असता. ट्रॅकच्या सुरुवातीला मात्र तो न चुकता ‘ओम्’ घालायचा. मी दर वेळी काढायची, तो दर वेळी परत घालायचा.

कलम चार. कसबा पेठेत तांबट आळीतली वरच्या मजल्यावरची खोली पायलच्या नावे करावी. खाली दिवसभर तांब्याची भांडी ठोकतात, त्यामुळे वर कितीही धुमधुम केली तरी तक्रार येत नाही. त्या खोलीच्या चारी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत गोणपाटाच्या पोत्यांच्या थप्प्या आहेत. ती पोती मी मार्केट यार्डातून रिक्षानं आणली आहेत. पायलनं ती फेकू नयेत. लहान खोलीत बेस कोपऱ्यात साठतो आणि खोटं बोलतो. जागा बदलून बसलं की कमी, परत बसलं की जास्त. पोती तो साठू देत नाहीत. रोहन पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "ही काय कांद्याची वखार आहे का?" पुढे बाणेरला त्यानं स्वतःचा स्टुडिओ केला आणि भिंतींवर बोटभर जाडीचा जांभळा फोम चिकटवला. त्या फोमनं टाळीचा आवाज अडतो. बेसला तो पडदासुद्धा वाटत नाही. पण फोटोत छान दिसतो.

कलम पाच, म्हणजे ज्यासाठी हा कागद लिहिला ते. माझ्याकडे एक हार्ड डिस्क आहे. आमच्या प्रत्येक ट्रॅकचा बेस जिथं तयार झाला ती सगळी कामं तिच्यात आहेत, आणि नव्या अल्बमचीही. दुसरी प्रत नाही. रोहनला ती हवी आहे. दवाखान्यात तो तीनदा येऊन गेला, प्रत्येक वेळी द्राक्षं घेऊन. मला द्राक्षं चालत नाहीत. तिसऱ्या वेळी म्हणाला, "अॅमी, सिरियसली, तो बेस मला देऊन टाक यार. अख्खा अल्बम अडलाय. मी ट्राय केलं, पण तसा फॅट होतच नाहीये."

होणार नाही. रोहनचा समज, आणि निम्म्या पुण्याचा, की बेस भरदार करायचा म्हणजे एका बेसवर दुसरा चढवायचा. नाही जमलं तर तिसरा. तरी नाही जमलं तर आवाज वाढवायचा. आवाज वाढवला की सगळंच भरदार वाटतं, कुकरची शिट्टीसुद्धा. मग ही मंडळी स्क्रीनवरचा आलेख बघतात आणि "वा, काय लो एंड आहे" म्हणतात. बेस डोळ्यांनी ऐकणारी ही पहिलीच पिढी असावी.

खरं काम कंटाळवाणं आहे. या संगीतात किकचे, म्हणजे मोठ्या ढोलासारखे, ठोके एकसारखे पडत राहतात आणि दोन ठोक्यांच्या मधे बेसचे तीन सूर बसतात. ठोक्याची शेपूट संपायच्या आत पहिला सूर घुसला की चिखल होतो. तीनही सूर आवाजाच्या लाटेच्या एकाच बिंदूपासून सुरू व्हावे लागतात, नाहीतर एक जाड येतो आणि पुढचा मरतुकडा. सगळ्यात खालचा भाग ठोक्यासाठी रिकामा सोडायचा, तिथं बेसनं पाय ठेवायचा नाही. हे सगळं एकाच सुरात जुळवायचं, आणि मग चार दिवस त्याच तीन सुरांतलं काही ना काही कमी करत बसायचं. रोहनला चार दिवस एका जागी बसवणारं औषध निघालेलं नाही.

शैलानं आत्ता विचारलं, "मग देऊन टाक की त्याला. तुला आता काय करायचंय त्याचं?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर लिहिते. ज्याला तो ऐकू येत नाही त्याच्या हातात मी तो देणार नाही. चोरानं नेलेला मला चालेल, चोराला निदान हवा असतो. रोहनला फक्त अल्बम हवा आहे.

कलम सहा. म्हणून पुढीलप्रमाणे करावं. माझ्यामागे महिन्याभरात रोहनला कसब्याच्या खोलीत बोलवावं, एकट्याला. फोन बाहेर ठेवायला सांगावा. कॉम्प्युटरचा पडदा कापडानं झाकावा आणि रोहनला पोत्यांकडे तोंड करून, डोळे मिटून बसवावं. आवाजाचं बटण मी ठरवून चिकटपट्टीनं बांधलं आहे, त्याला कोणी हात लावू नये. पायलनं डिस्कवरचे एक ते पाच असे आवाज क्रमानं वाजवावेत. तिला हे संगीत मिक्सर बिघडल्यासारखं वाटतं, त्यामुळे तिच्याकडून पक्षपात होणार नाही. यातला माझा बेस कोणता ते रोहननं सांगावं. ओळखला तर डिस्क त्याची. नाही ओळखला तर त्याच दुपारी, त्याच्यासमोर, पायलनं डिस्क पुसून टाकावी. अल्बमचं काय व्हायचं ते होवो.

हे वाचून शैला रडायला लागली. "तेरा वर्षांचं काम आहे ताई, तुझं आहे ते." माझंच आहे. म्हणूनच पुसता येतं.

वकिलांचं म्हणणं, अशी अट कोर्टात टिकणार नाही. मी त्यांना विचारलं की रोहन कोर्टात जाऊन काय सांगणार? साहेब, माझा आत्मा मला ओळखता आला नाही? वकील हसले, आणि फी मात्र पूर्ण घेतली.

कलम सात. हे कलम शैलानं एकटीनं वाचावं आणि रोहननं उत्तर दिल्यानंतरच त्याला वाचून दाखवावं. शैला, तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, म्हणून आवाज वाजत असताना तू खाली तांबटांकडे जाऊन बस.

पाचही आवाज एकच आहेत. एकच बेस पाच वेळा ठेवला आहे, केसभरही फरक नाही.

त्यानं दुसरा म्हटलं, चौथा म्हटलं, हा ‘वॉर्म’ आहे आणि तो ‘राउंड’ आहे असं काही म्हटलं, तर डिस्क पुसा, त्याला चहा द्या आणि जाऊ द्या. त्याला वर काही सुनावू नका. मी इथं पुरेसं लिहिलं आहे.

पण ‘सगळे एकच आहेत’ असं तो म्हणाला, तर डिस्क त्याला द्या. ट्रॅकवर माझं पूर्ण नाव टाकावं, अॅमी नाही, आणि त्याच्या नावाच्या आधी. ‘ओम्’ घालायचा असेल तर घालू दे.

तो ओळखेल असं मला वाटत नाही. दहा वर्षं स्पीकरसमोर उभं राहून त्याच्या कानांचं काय झालं असेल, देव जाणे. आणि देव या कागदात नाहीत. पण सुरुवातीला त्याला ऐकू यायचं. मी चार दिवस खपून केलेल्या बेसमध्ये नेमका जो सूर हलकासा मागे पडलेला असायचा, त्यावर तो बोट ठेवायचा. नंतर तसं कोणीच ऐकलं नाही. हजारो लोक नाचले, पण ऐकलं कोणी नाही. मला त्याचा राग आहे, आणि त्याहून जास्त मला तो माणूस परत हवा आहे.

म्हणून शैला, या कलमातलं एवढंच पायलला आधी सांग : पायल, त्याला घाई करू नकोस. तो गप्प बसला तर गप्प बसू दे. परत लाव म्हणाला तर परत लाव. संध्याकाळ झाली तरी चालेल. हवं तितक्यांदा लाव.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याची माझी इच्छा नाही. वरील मजकूर मी वाचून, समजून, शैलाच्या दोन सूचना फेटाळून खालील साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. मजकुरात काय आहे ते साक्षीदारांना माहीत नाही. त्यांनी फक्त मला सही करताना पाहिले आहे, आणि मी त्यांना.

सही : आम्रपाली दशरथ नगराळे

साक्षीदार :
१. श्यामसुंदर वडके, तांब्याची भांडी, तांबट आळी, कसबा पेठ
२. डॉ. सौरभ उपासनी (सही करणार शुद्धीवर असून बोलण्यास पूर्ण सक्षम आहेत, याची खात्री केली.)

ठिकाण : पुणे
दिनांक : १२ फेब्रुवारी २०१४