छापखान्यातल्या नऊजणींचं कोलेस्टेरॉल

दि. ३ जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रातून रक्ताच्या नळ्या रोज दुपारी आमच्या प्रयोगशाळेत येतात. काल त्यात तुझीही होती. एकूण कोलेस्टेरॉल दोनशे चौसष्ट निघालं. पाच वर्षांपूर्वी एकशे ऐंशी होतं. यंत्राची चूक असेल म्हणून मी पुन्हा तपासलं, आकडा तोच.

घाबरू नकोस. पाळी चालू असेपर्यंत बाईच्या शरीराला एक संरक्षण असतं. ती थांबली की रक्तातली चरबी चढू लागते, खाणंपिणं तेच असलं तरी. डॉक्टरांना दाखव, गोळी दिली तर घे. आजी एकसष्टाव्या वर्षी चालताबोलता गेली आणि तिचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं, हे माझ्या मनातून जात नाही.

बाबांना नमस्कार. उत्तराची वाट पाहणारी,
तुझी चिमणी

दि. ९ जून

चि. चिमणीस अ. उ. आ.

रिपोर्ट मिळाला आणि रागही आला. बांधणी विभागात तेहतीस वर्षं मी पुस्तकं शिवते आहे, कागदाचे गठ्ठे घेऊन तीन जिने चढते. माझ्या अंगावर चरबी शोधायला भिंग लागेल. आणि ज्यांचं पोट त्यांच्याआधी दारातून आत येतं, त्या तुझ्या बाबांचं सगळं ठीक! दोन दिवस आपला रिपोर्ट मोठ्याने वाचत ते घरभर फिरताहेत.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या खणात पडल्या आहेत. विभागात मी मुकादम आहे. आजारी बाई म्हणून मला तिथे वावरायचं नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
आई

दि. १५ जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

बाबांना म्हणावं, फार फुशारक्या नकोत. पुरुषांचं कोलेस्टेरॉल तरुणपणापासून चढत जातं आणि पन्नाशीच्या सुमारास बरंचसं स्थिरावतं. बायका मागून येऊन त्यांना गाठतात, पुष्कळदा मागेही टाकतात. अंगकाठीवरून ते ओळखता येत नाही आणि दुखतखुपतही नाही. यात तुझा कमीपणा कसला?

तुझ्या विभागात पन्नाशीपुढच्या किती जणी आहेत गं? त्यांनाही हे कुणी सांगितलेलं नसणार.

रागावलीस तरी चालेल, पण गोळी घे.
तुझी चिमणी

दि. २८ ऑगस्ट

चि. चिमणीस अ. उ. आ.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रुसली असशील. तुझा तो प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मोजलं तर माझ्यासकट नऊजणी. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत उभी राहिले आणि माझा आकडा सगळ्यांसमोर सांगितला. पाळीचं नाव मोठ्याने घेताना कान तापले, पण घेतलं. खणातली गोळी त्याच दिवसापासून सुरू केली. दुसऱ्यांना सांगायचं आणि आपण टाळायचं, हे मला जमेना.

उपाशीपोटी रक्त द्यायला मालकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कामाचं कारण काढून त्यांनी नाही म्हटलं. नऊजणींविना विभाग किती दिवस चालेल ते त्यांनीच ठरवावं, एवढंच मी म्हणाले. रजा मिळाली.

खळ लावणाऱ्या ताईंचं तीनशे अठरा निघालं, ते तू पाहिलंच असशील. जिन्यावर त्यांची छाती भरून यायची आणि त्या त्याला पित्त म्हणायच्या. डॉक्टरांनी हे ऐकून त्यांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. हृदयाची एक शीर जवळजवळ बंद होती. आत बारीक जाळी बसवून ती उघडली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. काल त्या कामावर परतल्या. आल्या आल्या माझा हात धरला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.

माझं रक्त परवा पुन्हा दिलं आहे. नीट बघ.
तुझी आई

दि. २ सप्टेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

एकशे ब्याऐंशी. या वेळीही मी दोनदा तपासलं, पण आनंदाने.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या आठजणींच्या नळ्या आल्या, तेव्हा आमच्या साहेबांनी विचारलं, एकाच छापखान्यातल्या इतक्या बायका कोणत्या डॉक्टरांनी पाठवल्या? मी म्हटलं, डॉक्टरांनी नाही, माझ्या आईने. ती पुस्तकं शिवते. मग त्यांनी सगळ्यांना हातातलं काम थांबवायला लावून ते ऐकवलं.

आमच्या फॉर्मवर तपासणी कुणी सुचवली ते लिहायची जागा असते. आठही फॉर्मवर ती कोरी होती. मी आठही ठिकाणी तुझं पूर्ण नाव लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात.

तुझी लेक म्हणून ताठ मानेने फिरणारी,
चिमणी