चांगल्या वागणुकीचे वजा गुण

सौ. वहिनींना,

धाकट्या नणंदेचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलेला समजून घ्यावा. खरोखर खाली गेले तर उठवायला माणूस पाठवावा लागेल.) तुमचे गुडघे, कंबर, डावा कान आणि जेवणानंतरची ती छातीतली जळजळ, सगळी मंडळी सुखरूप असतील अशी आशा आहे. दादाला विचारण्यात अर्थ नाही. तो फोनवर "सगळं ठीक" म्हणतो आणि मागून तुमचं कण्हणं ऐकू येतं. खरं सांगते, तीस वर्षं मी त्या कण्हण्याला हसले. बादली उचलताना एक, ठेवताना दुसरं, आणि कोणी "मी उचलू का" विचारलं तर "नको, मीच मरते" हे तिसरं. ती विद्या वेळेवर शिकले असते तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

झालं असं की माझा अपंगत्वाचा भत्ता कापला. निम्म्याहून खाली आणला. विद्यापीठाच्या कचेरीत मी सत्तावीस वर्षं पदवीपत्रांवर नावं लिहिली, मग बोटांच्या सांध्यांनी संप पुकारला आणि नोकरी सुटली, तेव्हापासूनचा हा भत्ता. त्यातूनच सकाळची बाई येते. ती मला अंघोळ घालते, बटणं लावते, केस विंचरते आणि दिवसभरात लागतील ती सगळी झाकणं सैल करून ठेवते. आता ती आठवड्यातून तीन दिवस येते. उरलेले चार दिवस मी कालच्याच कपड्यांत बसते. बरण्या माझ्याकडे बघतात, मी बरण्यांकडे.

दोष कुणाला देऊ? आमच्या कॉन्व्हेंटला द्यावा लागेल, आणि ते जिवावर येतं. अजून डोळे मिटले की तो लांब व्हरांडा दिसतो, फरशीच्या पॉलिशचा वास येतो, आणि अक्षराच्या तासाला आमच्या मनगटावर खोडरबर ठेवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर दिसतात. खोडरबर पडलं तर पान पहिल्यापासून. त्यांचा हात इतका मऊ होता की त्या रागावल्या तरी डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटे. त्या म्हणत, तक्रार ही मळासारखी असते, दाखवायची नाही, धुवायची. मी पन्नास वर्षं धूत आले.

तर फेरतपासणीच्या आधी बारा पानी फॉर्म आला. पेनाला चिंध्या गुंडाळून, मनगट टेबलाला टेकवून मी तो सोळा दिवसांत भरला. एका पानावर ओळ वाकडी गेली म्हणून ते पान नव्याने मागवून पुन्हा लिहिलं (हसू नका). तपासणीच्या दिवशी बाईला पहाटे बोलावलं. तिने मला छान तयार केलं, कॉलरपर्यंत सगळी बटणं लावली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. (अपंगांच्या तपासणीच्या कार्यालयाची लिफ्ट बंद असावी, यात काही शास्त्र असेल.) मी चाळीस मिनिटं आधी पोचले होते, म्हणून दोनदा पायरीवर बसून, कठड्याला कोपर अडकवत वर गेले आणि ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारावर टकटक केली.

डॉक्टर आत आले आणि मी उभी राहिले. वहिनी, मी ठरवून उभी नाही राहिले, पाय राहिले. मोठं माणूस वर्गात आलं की उभं राहायचं. तो मुलगा माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान होता, पण पायांना वय कळत नाही. त्याने विचारलं, "कशा आहात?" आणि माझ्या तोंडून आलं, "छान, थँक्यू. तुम्ही?" त्याने लिहिलं. मग त्याचं पेन पडलं. ते मी उचलून दिलं. कसं उचललं ते विचारू नका, दोन्ही मनगटांच्या चिमटीत धरून, गुडघ्यावर घासत वर आणलं, पण तेवढ्या वेळात तो माझे कागद चाळत होता. वर बघितलं तेव्हा पेन टेबलावर होतं आणि मी हसत होते. त्याच्या मागे भिंतीवर त्याचं पदवीपत्र होतं, काचेत. त्यावरचं नाव माझ्या अक्षरात. त्यातल्या एका वेलांटीवर मी कधीकाळी अख्खी सकाळ घालवली असेन. सांगावंसं वाटलं, पण आपली कामगिरी आपण सांगू नये, हेही शाळेतच शिकलेलं.

निकालाचा कागद आला. पोशाख नीटनेटका. केस व्यवस्थित. चेहरा प्रसन्न, बोलणं सुसंस्कृत. दोन मजले स्वतः चढून वेळेआधी हजर. विनाआधार उभ्या राहतात. जमिनीवरची वस्तू उचलू शकतात. अक्षर अत्यंत सुबक, सबब बोटांच्या हालचाली समाधानकारक. वहिनी, असा शेरा शाळेत मिळाला असता तर आमच्या आईने भिंतीवर लावला असता. इथे प्रत्येक शेऱ्याला वजा गुण. मी आयुष्यात एकदाच नापास झाले, आणि तेही चांगल्या वागणुकीत.

बाईने कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही ना, मेल्यावर खांदा देणाऱ्यांनासुद्धा थँक्यू म्हणाल." मग तिने माझी शिकवणी घेतली. ती दाराबाहेर जायची, डॉक्टर होऊन आत यायची. मी खुर्चीचे हात धरून बसायची. ती विचारायची, "कशा आहात?" पहिल्यांदा मी "बरी" म्हणाले. दुसऱ्यांदा "तशी बरी". सहाव्या खेपेला डोळे मिटून "बरी नाही" म्हणाले आणि लगेच तिची माफी मागितली. तिने कपाळाला हात लावला.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे चष्म्याचे दुकानदार म्हणजे साऱ्या जगाचे बिनफीचे वकील. ते म्हणतात, आव्हान द्यायचं तर द्या, पण प्रकरण पहिल्यापासून उघडतं. वाढेल, नाही तर उरलंय तेही जाईल. आणि जाल तेव्हा केस पिंजारून, बटणं उघडी टाकून जा. मी म्हटलं, खोटं वागू? ते म्हणाले, "अहो, बाई नसते त्या दिवशी तुम्ही जशा असता तशाच जा, त्यात खोटं काय?" माझं खरं रूप हेच माझं सोंग वाटावं, इतकी वर्षं मी चांगली दिसत आले.

मुदत पंचवीस तारखेपर्यंत आहे. विचार करकरून मी ठरवलं की नाही द्यायचं आव्हान. तीन दिवस तर तीन दिवस. चार दिवस मळक्या कपड्यांत राहिल्याने कुणी मरत नाही, आणि अनोळखी माणसांपुढे आपली दुखणी मांडून बसण्यापेक्षा ते बरं. तेव्हा काळजी नसावी. दादाला सांगू नका, उगीच जिवाला घोर लावून घेईल. त्याला नमस्कार, तुम्हालाही.

तुमची,
धाकटी

ता. क. आव्हानाचा अर्ज मागवून ठेवला आहे. नुसता असावा म्हणून.

ता. क. २. अर्जात नवव्या पानावर एक चौकट आहे: अर्जदारास दैनंदिन कामांत अडचण येताना प्रत्यक्ष पाहिलेली व्यक्ती. बाईचं चालत नाही, ती पगारी.

ता. क. ३. वहिनी, गेल्या वर्षी तुम्ही चार दिवस राहायला आला होतात. तिसऱ्या दिवशी बाईची सुट्टी होती. पहाटे साडेपाचला तुम्ही न्हाणीघराचं दार उघडलंत तेव्हा माझा गाऊन डोक्यात अर्धा अडकलेला होता, हात वर, आणि तुम्ही जाग्या होऊ नये म्हणून मी बाही दातात धरली होती. तासभर तशीच होते मी. तुम्ही मला सोडवलंत आणि तुमच्या त्या गुडघ्यांवर फरशीवर बसलात, एकदाही कण्हला नाहीत. मी तुम्हाला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही असं मी आयुष्यभर सगळ्या घराला सांगत आले. आणि परवा दादा फोनवर म्हणाला, "तुझं बरं आहे गं, ठणठणीत आहेस, वहिनीचे गुडघे बघ." म्हणजे त्यालासुद्धा नाही सांगितलंत.

ती शपथ सुटली. चौकटीत सहाच ओळी आहेत, पुरणार नाहीत, वेगळा कागद जोडा. बाहीचंही लिहा. काही गाळू नका. आणि तपासणीला माझ्याबरोबर चला. त्याने "कशा आहात" विचारलं की माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही बोलायला लागा, नेहमी लागता तसं.

ता. क. ४. हे पत्र अकरा दिवस चाललं आहे. शेवटी शेवटी अक्षर कसं झालंय ते तुम्ही बघालच. पुन्हा लिहून काढलेलं नाही. पाठवते आहे तसंच.