तळातला नग

अंकल,

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. आंटी इस्पितळातून घरी आल्या आहेत. उजवा हात उचलत नाही, बोलताना ओठ एका बाजूला ओढला जातो, आणि एखादा शब्द अडला की तो सापडेपर्यंत त्या डोळे मिटून थांबतात. तीन महिन्यांपूर्वी सकाळी चहा ठेवताना त्या स्वयंपाकघरातच कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढलेला होता, आणि तो काही एका दिवसात वाढलेला नाही. आंटी तर रोज घरी रक्तदाब मोजत होत्या. ज्या यंत्रावर मोजत होत्या, ते घ्या म्हणून मी सांगितलं होतं. हे बोलायला मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

तुमच्या हाताखाली मी जे टेबलावर करायचो तेच आता मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर करतो. मिक्सर, इस्त्री, वजनकाटा, फोन, असल्या घरात लागणाऱ्या वस्तू आणतो, वापरून बघतो, आणि घ्यावी की नाही ते व्हिडिओ करून इंटरनेटवर सांगतो. आपला मिक्सरचा कारखाना बंद झाल्यावर मी मरोळला दुरुस्तीचा गाळा घेतला होता, तो तुम्ही पाहिलात. तिथे येणारी माणसं आधी वस्तू घ्यायची आणि बिघडली की माझ्याकडे यायची. घेण्याआधीच सांगितलं तर, असं एकदा मनात आलं. डब्यावर डबा रचून त्याला फोन टेकवला आणि पहिला व्हिडिओ केला. आवाज इतका बारीक की बायको म्हणाली, "पोथी वाचतोयस का? जरा माणसांना ऐकू जाईल असं बोल." पहिलं वर्ष बघणारे म्हणजे माझे दोन मेहुणे आणि आंटी. आंटी प्रत्येक व्हिडिओ बघायच्या, आणि रविवारी चर्चमधून मिसा आटोपून आल्या की फोन करायच्या. "शर्ट तोच होता. दुसरा नाही का रे तुला?"

पुढे लोक वाढले ते तुमच्या एका गोष्टीमुळे. मी बावीस वर्षांचा, गावच्या शाळेतून आणि आयटीआयमधून थेट अंधेरीला आलेला, तुमच्या तपासणी विभागात. बाहेरून आलेला माल बघून पास करायचा आणि पेटीवर आपापल्या नंबरचा रबरी शिक्का मारायचा, एवढं काम. एक दिवस स्विचांच्या पेट्या येतात. पुरवठादाराचा माणूस हसतमुख, माझ्यासाठी चहा सांगतो आणि पेटीतला एक स्विच काढून माझ्या हातात ठेवतो. मी तो दहा वेळा दाबून बघतो. उत्तम. मी शिक्का मारतो. तुम्ही मागे उभे आहात हे मला माहीत नाही.

"नग तू उचललास की त्याने दिला?"

मी त्या माणसाकडे पाहिलं.

"कोकणातला ना तू? आंब्याची पेटी वरचा थर बघून घेतोस काय रे?"

तो माणूस हसला. तुम्ही हसला नाहीत. कोपरापर्यंत हात पेटीत घातलात, तळातून मूठभर स्विच काढलेत आणि एकेक दाबायला लावलात. अकरातले तीन दाबले की तसेच बसत होते, वर येत नव्हते. "हा मिक्सर कुणाच्या तरी घरी चालूच राहील," तुम्ही म्हणालात, "आणि तिचा हात आत असेल." मग माझा शिक्का उचलून तुमच्या खणात टाकलात. "महिनाभर नुसता बघ. हातात दिलेला नग तपासायचा नाही. तो चांगलाच असतो."

त्या महिन्यात मला कारखान्यात मान वर करवत नव्हती. पण दर सोमवारी तुमच्या डब्यातून उकडलेलं रताळं यायचं ते त्या महिन्यातही आलं. माझा सोमवारचा उपास असतो हे तुम्ही घरी सांगितलं होतंत. तुमच्या गावठाणातल्या त्या घरात, मसाल्याच्या बाटल्यांच्या रांगेखाली बसून मी पुढे कितीतरी वेळा जेवलो, आणि आंटींनी माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

कारखान्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही तुमचा शिक्का मला दिलात. नंबर चार. "ठेव. पेपरवर मारत बस," एवढंच बोललात. तो मी व्हिडिओत वापरायला लागलो. वस्तू पसंत पडली की शेवटी खोक्यावर शिक्का मारायचा. आणि सुरुवातीला एक वाक्य, "हा नग मी स्वतः दुकानात जाऊन उचललाय." घाटकोपरच्या, अंधेरीच्या दुकानदारांना माझी सवय झाली होती, मी मागचा, खालचा खोका काढायला लावायचो. कंपन्यांची पत्रं यायला लागली, आम्ही नग पाठवतो म्हणून, तेव्हा मी सगळ्यांना नकार कळवला. लोकांना ते आवडलं. कमेंटमध्ये लिहायचे, शिक्का मारलाय का, मग घेतो.

पण या धंद्यात जो पहिल्या दिवशी सांगतो त्याचं ऐकतात. वस्तू दुकानात यायच्या आधीच कंपन्या बाकीच्यांना ती पाठवतात. मी दुकानातून आणून, आठवडाभर वापरून बोलेपर्यंत लोकांचं घेऊन झालेलं असतं. गेली दोन वर्षं माझे व्हिडिओ बघणारे कमी कमी होत गेले. गाळा मी केव्हाच सोडला होता. रक्तदाबाचं ते यंत्र एका कंपनीने न विचारता घरी पाठवलं, आणि या वेळी मी ते परत पाठवलं नाही. तपासणीत मी कसूर केली नाही, अंकल. आमच्या इमारतीतल्या डॉक्टरांकडे सात दिवस गेलो, त्यांच्या पाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहिलं. आकडे जुळत होते. व्हिडिओ वेळेवर टाकला. तोंडात बसलेलं वाक्य तोंडातून गेलं, "हा नग मी स्वतः दुकानात जाऊन उचललाय." नंतर कापाकापी करताना ते मला ऐकू आलं. दोन सेकंदांचं काम होतं, काढता आलं असतं. मी ते राहू दिलं. आणि खोक्यावर तुमचा शिक्का मारला.

कित्येक वर्षांत माझ्याकडे आले नव्हते इतके लोक त्या व्हिडिओला आले. आंटींचा फोन आला. "यांचा शिक्का दिसला, म्हणून लगेच मागवलं. आता दर महिन्याला दवाखान्यात जाऊन बसायला नको." मला तेव्हा बरं वाटलं होतं.

त्या पडल्याचं कळलं तेव्हा मी गावठाणात गेलो. तुमची लेक एकटीच होती, आईचे कपडे पिशवीत भरत. स्वयंपाकघरात कॅलेंडर लटकतंय. प्रत्येक तारखेच्या चौकोनात आंटींच्या बारीक अक्षरात आकडे, एकशे बावीस, एकशे चोवीस, एकशे वीस. चार महिने, एकही चौकोन रिकामा नाही. "एक दिवस चुकवला नाही दादा मम्मीने," तुमची लेक म्हणाली. "आकडे चांगले येतायत म्हणून गोळीसुद्धा अर्धी करून घेतली, स्वतःच. मी म्हटलं डॉक्टरला विचार. तर म्हणते, चार नंबरचा शिक्का आहे त्याच्यावर."

मी यंत्र तपासायला म्हणून घरी आणलं. इमारतीतल्या डॉक्टरांनी माझ्याच दंडाला पट्टा बांधला. पाऱ्याच्या यंत्रावर एकशे पन्नास, आंटींच्या यंत्रावर एकशे सोळा. पुन्हा मोजलं, पुन्हा तसंच. मग घाटकोपरला जाऊन दुकानाच्या मागच्या खोलीतून, खालच्या रांगेतून मी दोन नग स्वतः उचलून आणले. एक बरोबर निघाला, एक नाही. हे मी चार महिने आधी करायला हवं होतं.

मी व्हिडिओ काढून टाकला आणि नवीन टाकला, हे यंत्र घेऊ नका, घेतलं असेल तर डॉक्टरांकडे ताडून बघा. लोकांनी माझं कौतुक केलं, चूक कबूल करणारा माणूस म्हणून. मी त्यात सांगितलं की कंपनीचे नग एकसारखे नाहीत. खरंच नाहीत. माझा नग कुठून आला होता ते मी सांगितलं नाही. आंटी आता फोन बघत नाहीत, अक्षरं हलतात म्हणतात. लेकीला इस्पितळाच्या फेऱ्यांतून सवड नव्हती. दोघींनीही तो व्हिडिओ पाहिलेला नाही, आणि मीही दाखवलेला नाही.

तुम्ही दर शनिवारी पाळी सुटली की परस्पर चर्चला जायचात, कबुली द्यायला. मी एकदा विचारलं होतं, "देवाला सगळं माहीत असतं, मग आणखी फादरना कशाला सांगायचं?" तुम्ही सायकलचं कुलूप काढत होतात. म्हणालात, "ज्याला माहीत आहे त्याला सांगायला काय लागतं? माहीत नाही त्याला सांगताना जीभ जड होते. तेच सांगणं." मी रोज सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावतो आणि हे सगळं बोलतो. काही लागत नाही. तुम्हाला लिहितानाही फारसं लागलं नाही, कारण हे पत्र कुठे जाणार आहे ते मला ठाऊक आहे. जाईल माझ्या कपाटाच्या खणात, शिक्क्याशेजारी. शिक्का मी आता वापरत नाही.

एक राहिलं. आंटींचं यंत्र मी तपासून परत नेऊन दिलं असं त्यांना वाटतं. त्यांचं माझ्या कपाटात आहे. त्यांना मी माझं दिलं, कंपनीने हातात ठेवलेलं, बरोबर दाखवणारं. दिसायला दोन्ही सारखीच. गेल्या सोमवारी गेलो तेव्हा नर्स येऊन स्वतःच्या आणि आंटींकडच्या, अशा दोन्ही यंत्रांवर मोजून गेली होती आणि आकडे जुळले होते. आंटींना कोण आनंद. डाव्या हाताने माझ्यापुढे बशी सरकवली, लेकीकडून रताळं उकडून घेतलं होतं. मग डोळे मिटून, एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, "बघ. यंत्र चांगलं आहे. मलाच पट्टा बांधता येत नव्हता. यांच्या शिक्क्याला मी उगाच... नावं ठेवली, मनातल्या मनात."

मी म्हणालो, "हो आंटी. पट्टा सैल राहत असेल."